सँडल काढण्याआधीचे आठ आठवडे: टाचा, बेचक्या आणि नखे

प्रश्न थोडक्यात असा: थंडीचे महिने मोजे आणि बंद बुटांत गेले. आता टाचांना भेगा आहेत, चवड्याखाली घट्टा आहे, अंगठ्याचे नख जाड आणि पिवळट झाले आहे. साधारण दोन महिन्यांत उकाडा सुरू होईल आणि उघड्या सँडल निघतील. टाच दगडाने घासली की चार दिवस बरी दिसते, मग पुन्हा जैसे थे. सुरुवात कुठून करायची, आणि कशाला किती वेळ लागतो?

दोन महिने आधी विचारलेत हे फार बरे केलेत. पायांचे सगळ्यात जास्त हाल होतात ते सँडल घालायच्या आदल्या संध्याकाळी, टाच, घट्टा, नख सगळे एकाच बैठकीत उरकायला बसल्यावर. पाय असे उरकत नाहीत. तळव्याची कातडी रोजच्या मलमाला दोन ते चार आठवड्यांत दाद देते. पायाचे नख मात्र महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर पुढे सरकते, हाताच्या नखाच्या निम्म्याहून कमी. अंगठ्याचे नख मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवे यायला १२ ते १८ महिने जातात. म्हणजे दोन महिन्यांत तुम्हाला मिळेल ते सुमारे ३ मिलिमीटर नवे नख. टाचा वेळेत तयार होतील, नख होणार नाही. हे आजच मान्य करा. पुढचे बरेचसे अघोरी उपाय तिथेच टळतात.

त्याआधी एक अट. मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल, पायातला रक्तपुरवठा कमी असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा प्रतिकारशक्ती दबलेली असेल, तर पुढे सांगितलेले घासणे, कापणे आणि आम्लाची औषधे तुमच्यासाठी नाहीत. अशा पायांना घरी दोनच गोष्टी करायच्या: रोज नीट पाहणे आणि रोज मलम लावणे. नखे आणि घट्टे डॉक्टरांकडून किंवा पायांचे शिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच काढून घ्यायचे. बधिर पायाला झालेली जखम कळत नाही आणि रक्त कमी पोचणाऱ्या पायावर ती लवकर भरत नाही. गरम पाण्यात पाय बुडवून बसणेही टाळा, पाणी पोळतेय हेच अशा पायाला समजत नाही.

बाकीच्यांनी पहिल्या दिवशी काहीही घासू नये, फक्त पाहावे. पाय धुऊन कोरडे करा, भरपूर उजेडात बसा, तळव्यासाठी हातआरसा घ्या किंवा मोबाइलने फोटो काढा. प्रत्येक बोट बाजूला करून बेचकी पाहा. दोन्ही पाय शेजारी ठेवून त्यांची तुलना करा. फोटो जपून ठेवा, नखाच्या बाबतीत त्याचा फार उपयोग होतो.

चवड्याखाली जे आहे ते खरेच घट्टा आहे का, हे आधी ठरवा, कारण तीन गोष्टी एकमेकींसारख्या दिसतात. घट्टा पसरट असतो, त्याची कड कुठे संपते ते नीट सांगता येत नाही आणि त्यावरच्या कातडीच्या रेघा अखंड दिसतात. कुरूप लहान आणि गोल असते, मधोमध काचेसारखा कडक गाभा असतो, वरून सरळ दाबले की खडा टोचल्यासारखे दुखते. चामखिळीवर कातडीच्या रेघा तिच्या कडेला येऊन तुटतात, आत बारीक काळे ठिपके दिसतात आणि ती दाबण्यापेक्षा दोन बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. हा फरक महत्त्वाचा आहे. चामखीळ विषाणूची असते. तिच्यावरून फिरवलेली कानस शेजारच्या कातडीवर फिरवली की तिथे नवी उगवू शकते.

टाचेबद्दलही एक शंका आधीच फेडून घ्या. कोरडी टाच आणि बुरशी लागलेली टाच पहिल्या नजरेत सारखी दिसते. बुरशीच्या टाचेवर पिठासारखा बारीक कोंडा असतो, तो तळव्याच्या रेघांमध्ये भरलेला दिसतो, पावलाच्या कडेपर्यंत चढतो, आणि पुष्कळदा एकाच पायाला असतो किंवा एका पायाला दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त. सोबत बेचक्यांत चिखल्या आणि एखादे जाड पिवळे नख असेल तर संशय आणखी पक्का. तुमच्या वर्णनात पिवळे नख आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो. चार आठवडे रोज मलम लावूनही टाच हलत नसेल तर आणखी महाग मलम आणू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. बुरशी नसेल तर सोरायसिस किंवा इसब निघू शकते, आणि त्या दोन्हींना घासणे मानवत नाही.

आता घासल्यावर चार दिवसांत पुन्हा तसेच का होते, ते. तळव्याला तेलग्रंथी नसतात, फक्त घर्मग्रंथी असतात. बाकीच्या अंगाला जे स्वतःचे तेल मिळते ते तळव्याला मिळतच नाही. त्यात टाचेवरची मृत कातडीची थर शरीरात सगळ्यात जाड असते. पाऊल टेकले की टाचेखालची चरबीची गादी दाबली जाऊन बाजूंना फाकते. कातडी ओली आणि लवचीक असेल तर ती सोबत ताणली जाते, कोरडी असेल तर कडेला तडकते. मागे पट्टा नसलेल्या चपलेत गादी मोकळी फाकते, म्हणून भेगा नेहमी टाचेच्या कडेला, उभ्या पडतात. दगडाने तुम्ही जाडी कमी करता, पण कोरडेपणा आणि ताण तसाच राहतो. शिवाय जोरात घासलेली कातडी तो घर्षणाचा मार समजते आणि स्वतःला वाचवायला आणखी जाड होते. म्हणून पायांच्या निगेच्या आमच्या कामात दगड दुय्यम आणि मलम मुख्य. लोक नेमके उलटे करतात.

मलम घेताना डबीवरचे नाव नाही, युरियाचे प्रमाण वाचा. १० टक्क्यांपर्यंत युरिया कातडीत पाणी धरून ठेवतो. रोजच्या निगेला तेवढा पुरतो. २० ते २५ टक्क्यांना तो मृत पेशींना जोडणारे बंध सैल करायला लागतो. भेगाळलेल्या टाचेला आणि घट्ट्याला हेच प्रमाण हवे. ४० टक्क्यांचे मलम अगदी जाड थरासाठी किंवा नख मऊ करण्यासाठी असते, ते आजूबाजूच्या चांगल्या कातडीला लागू द्यायचे नाही. युरिया चालत नसेल तर १० ते १२ टक्क्यांचे लॅक्टिक आम्लाचे मलम हा दुसरा पर्याय. दोन्ही उघड्या भेगेवर चुरचुरतात, म्हणून भेग आधी भरून घ्यायची. ते पुढे येतेच.

किती लावायचे? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ ओढली की ते सुमारे अर्धा ग्रॅम होते. एका अख्ख्या पावलाला अशा दोन रेघा लागतात, म्हणजे दोन्ही पायांना रोज साधारण २ ग्रॅम. १०० ग्रॅमची ट्यूब सुमारे ५० दिवस पुरली पाहिजे. तुमची ट्यूब चार महिने पुरत असेल तर तुम्ही मलम लावत नाही आहात, फक्त वास देत आहात. रात्री अंघोळीनंतर किंवा पाय धुतल्यावर टिपून घ्या आणि कातडी किंचित दमट असतानाच, तीन-चार मिनिटांच्या आत, चोळा. वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, मग सैल सुती मोजे. जेली स्वतः ओलावा देत नाही, आत असलेला उडू देत नाही. म्हणून ठार कोरड्या टाचेवर नुसती जेली फासून फारसे काही होत नाही. बोटांच्या बेचक्यांत मात्र यातले काहीही जाऊ देऊ नका. तिथे अडचण कोरडेपणाची नसते, ओलीची असते.

खोल भेग असेल, लाल दिसत असेल, रक्त येत असेल तर आधीचे सात-दहा दिवस फक्त ती भरण्यात घालवा. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, टिपा, नुसती पेट्रोलियम जेली भरा आणि भेगेला आडवी चिकटपट्टी ताणून लावा, म्हणजे दोन कडा जवळ राहतील आणि पाऊल टेकल्यावर भेग पुन्हा उघडणार नाही. दुखणे त्याच दिवशी कमी होते, कारण दुखते ते कड उघडल्यामुळे. हायड्रोकोलॉइडची, म्हणजे जखमेवर ओलावा धरून ठेवणारी जेलची पट्टीही चालते. भोवती लाली पसरत असेल, पाय गरम लागत असेल किंवा पू दिसत असेल तर पट्टी लावून झाकून ठेवू नका, डॉक्टरांना दाखवा.

भेगा बुजल्या की कानस हातात घ्या. कानस चालवायची कोरड्या पायावर. पाय अर्धा तास भिजवून मग वज्रीने खरवडायची सवय सगळीकडे आहे आणि टाचा सोलवटतात त्या तिच्यामुळेच. भिजलेली मृत कातडी फुगून पांढरी आणि लिबलिबीत होते, चांगली कुठे सुरू होते ते दिसत नाही, बोटालाही कळत नाही. वाळल्यावर समजते की जास्त निघाले. कोरड्या टाचेवर सगळे डोळ्यांसमोर असते. खरबरीत बाजू ८० ते १०० ग्रिटची घ्या (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितकी कानस बारीक). दुसऱ्या हाताने टाचेची कातडी ताणून धरा आणि भेगेच्या रेघेत नाही, तिला आडवी, एकाच दिशेने, हलक्या हाताने ओढा. सुरुवातीला पांढरी कोरडी पूड पडते आणि आवाज खरखरीत येतो. पाच-सहा ओढींनंतर थांबून अंगठा फिरवा. कडेला अजून खरबरीत टोके लागत असतील तर आणखी पाच. कातडी गुलाबीसर दिसली, स्पर्शाला किंचित उबदार लागली किंवा चुरचुरली की त्या जागी त्या दिवशीचे काम संपले, जाडी उरलेली असली तरी. शेवटी १५० ते १८० ग्रिटच्या बारीक बाजूने कडा मोडा, नाहीतर मोज्याचे धागे त्यात अडकतात आणि तिथूनच नवी चीर पडते. मग पाय धुवा आणि मलम लावा.

हे आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, एका पायाला दोन-तीन मिनिटे. आठ आठवड्यांत असे आठ-दहा वेळा होते आणि तेवढे पुरते. टाच काचेसारखी गुळगुळीत करायची नाहीच. थोडी जाडी चालण्यासाठी लागते. ती सगळी काढलेला पाय पहिल्याच दिवशी सँडलमध्ये आग करतो. ब्लेड, खिसणीसारखी पत्र्याची हत्यारे आणि वेगाने फिरणारी विजेची यंत्रे घरी वापरू नका. ब्लेडची चूक मिलिमीटरची असते आणि ती रक्तात मोजली जाते.

पाय पाण्यात बुडवायची हौस असेल तर ५ ते १० मिनिटे, ३७-३८ अंश सेल्सियसच्या कोमट पाण्यात. त्याने आराम वाटतो आणि मळ सुटतो. जास्त वेळ भिजवलात तर कातडीतले पाणी धरून ठेवणारे घटक धुऊन जातात आणि तासाभराने पाय आधीपेक्षा कोरडे पडतात. लिंबू, व्हिनेगर, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट यांचे टाचेवर काही काम नाही, भेगेत मात्र ती झोंबतात.

पायमोज्यासारखे घालायचे आम्लाचे मास्क मिळतात. त्यांत ग्लायकॉलिक, लॅक्टिक अशी आम्ले असतात. तासाभरानंतर पाय धुवायचे, मग तीन ते सात दिवसांनी कातडी पपुद्र्यांनी सुटायला लागते आणि हे आठवडा-दोन आठवडे चालते. भेगा, जखम, चिखल्या नसलेल्या धडधाकट पायाला ते चालतात, पण सँडल घालायच्या किमान चार आठवडे आधी. सुटणारे पपुद्रे हाताने ओढू नका, ओढलेला पपुद्रा चांगली कातडी सोबत घेऊन येतो. माझे मत विचाराल तर २५ टक्के युरियाने चार आठवड्यांत जे साधते त्यासाठी एवढा गोंधळ करायची गरज नाही.

चवड्याखालच्या घट्ट्याला हाच युरिया आणि हीच कानस, पण घट्टा दाबामुळे पडतो. बूट पुढून अरुंद असेल, तळ पातळ असेल किंवा टाच उंच असल्याने वजन पुढे येत असेल, तर घट्टा कितीही काढा, परत येणारच. तिथे मऊ पॅड लावून दाब वाटून द्यावा लागतो. कुरुपावर लावायच्या पट्ट्यांमध्ये बहुधा ४० टक्के सॅलिसिलिक आम्ल असते. त्याला कुरूप आणि चांगली कातडी यांतला फरक कळत नाही. पट्टी कुरुपाच्या मापाने कापून लावा आणि ती सरकली तर काढून टाका. पाकिटावर लिहिलेल्या दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका.

चिखल्या बहुतेक करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचकीत सुरू होतात, कारण ती बेचकी सगळ्यात घट्ट आणि सगळ्यात उशिरा वाळणारी. कातडी पांढरी, भिजल्यासारखी होते, खाज येते, खाली लाल चीर दिसते. ते नीट बरे करूनच सँडल घाला, कारण तीच बुरशी पुढे नखात शिरते. टर्बिनाफिन १ टक्का मलम एक ते दोन आठवडे, किंवा क्लोट्रिमॅझोल दिवसातून दोनदा चार आठवडे. दिसणाऱ्या जागेच्या पुढे दोन बोटे चांगल्या कातडीवरही लावा. खाज दोन-तीन दिवसांत थांबते आणि इथेच बहुतेक लोक मलम सोडतात. मग महिन्याभराने बुरशी परत येते. ठरलेले दिवस पूर्ण करा. बुरशीनाशकासोबत स्टेरॉइड मिसळलेले मलम स्वतःच्या मनाने कधीही लावू नका. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबून टाकते, खाली बुरशी आरामात पसरत राहते आणि नंतर डॉक्टरांनाही ती ओळखता येणे कठीण जाते. मलम लावण्याआधी बेचकी वाळवणे हे निम्मे औषध आहे: टॉवेलचे टोक बोटांमध्ये घाला आणि घासू नका, टिपा.

तळव्यावर, विशेषतः टाचेवर आणि चवड्यावर, सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे असतील आणि मोजे काढताच उग्र वास येत असेल तर ती बुरशी नसते, घामट बुटात वाढणारे जिवाणू असतात. बुरशीच्या मलमाने वास हटत नाही म्हणून लोक खचतात. औषधच वेगळे लागते, ते डॉक्टर देतील. जोडीला घाम कमी करायला अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड २० टक्के, रात्री, पूर्ण कोरड्या तळव्यावर लावून सकाळी धुऊन टाकायचे. ओल्या कातडीवर लावले तर आग होते.

आता नखे. अंगठ्याचे नख कापताना एकाच चाव्यात कापायचा मोह टाळा. नेलकटरची पाती वक्र असतात, रुंद नखावर ती दोन्ही टोकांना खोल जातात आणि मध्ये नख चिरते. जाड नखासाठी लांब दांड्याची, सरळ पात्याची नखपक्कड घ्या. अंघोळीनंतर नख मऊ असते तेव्हा बसा. एका कडेपासून सुरू करून चार-पाच लहान चाव्यांत, सरळ रेषेत दुसऱ्या कडेपर्यंत या. टोकाला १ ते २ मिलिमीटर पांढरी कड राहू द्या. दोन्ही कोपरे कातडीच्या वर मोकळे दिसले पाहिजेत. त्यांची धार बारीक कानशीने नुसती मोडा, गोलाई देऊ नका. कोपरा आत खोल कापला की बाजूची मऊ कातडी त्या रिकाम्या जागेवर चढते. खाली एखादा न कापला गेलेला भाला उरलेला असतो, नख वाढले की तो त्याच कातडीत घुसतो. दुखते म्हणून माणूस आणखी खोल कापतो, आणि नख रुतण्याचे चक्र असे सुरू होते. नखाच्या मध्यभागी इंग्रजी व्हीसारखी खाच पाडली की कडा आत ओढल्या जातात, ही समजूतही चुकीची आहे. नख मुळातून वाढते, टोकाच्या खाचेची त्याला दाद नसते.

रुतलेले नख नुकतेच दुखू लागले असेल तर दिवसातून दोन-तीनदा दहा मिनिटे कोमट पाणी, पुढून मोकळे पादत्राण आणि कोपऱ्याला हात न लावता वाढू देणे, एवढ्याने अनेकदा उतरते. लाली, पू किंवा लाल मांसाचा गोळा दिसत असेल तर घरी उकरू नका.

क्युटिकल, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेली पातळ पापुद्र्यासारखी कड, कापू नका. मूळ आणि बाहेरचे पाणी यांच्यामधली ती एकच झडप आहे. ती कापली की जिवाणू आत जातात आणि नखुरडे होते. अंघोळीनंतर मऊ असताना लाकडी काडीने किंवा टॉवेलने हळूच मागे ढकला, तेवढे पुरे.

आणि तुमचे पिवळे, जाड नख. पहिली गोष्ट: अशा नखांपैकी सुमारे निम्म्यांतच बुरशी निघते. बाकीच्यांचे कारण बुटाचा वर्षानुवर्षांचा मार, सोरायसिस, वय, किंवा निव्वळ गडद नेलपॉलिशचा डाग असतो. डाग असेल तर पिवळेपणा फक्त वरच्या पृष्ठभागावर असतो, बारीक कानशीने हलकेच ओढल्यावर खाली स्वच्छ नख दिसते, आणि मुळाशी नवे येणारे नख चांगले असते. बुरशीत रंग आतून येतो, बहुधा टोकाकडून किंवा बाजूच्या कडेने मागे सरकतो, नखाखाली भुरभुरीत भुसा साठतो आणि नख खालच्या कातडीपासून सुटते. नुसते पाहून औषध सुरू करू नये. नखाचा तुकडा आणि खालचा भुसा प्रयोगशाळेत पाठवून खात्री करून घ्यावी, कारण उपचार लांबलचक असतो. त्या आधी महिनाभर घरचे बुरशीचे औषध लावत राहिलात तर बुरशी असूनही तपासणीत ती नाही असे येऊ शकते.

बुरशी ठरली आणि ती निम्म्याहून कमी नखात असून मुळापर्यंत गेली नसेल, तर लावायचे औषध चालू शकते: अमोरोल्फिन ५ टक्के, आठवड्यातून एकदा-दोनदा, ९ ते १२ महिने, किंवा सायक्लोपिरॉक्स ८ टक्के, रोज, ४८ आठवड्यांपर्यंत. जास्त पसरलेल्या बुरशीला डॉक्टर बहुधा टर्बिनाफिनच्या २५० मिलिग्रॅमच्या गोळ्या रोज एक, १२ आठवडे देतात, त्याआधी यकृताची तपासणी करून. गोळ्या संपतात तेव्हाही नख वाईटच दिसते आणि लोकांना वाटते औषध वाया गेले. तसे नसते. जुने खराब नख बरे होत नाही, ते फक्त पुढे सरकून कापले जाते. मुळाशी स्वच्छ पट्टा दिसतोय का, हे पाहायचे. पहिल्या दिवशीचा फोटो इथे कामाला येतो. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याच उजेडात, त्याच कोनातून फोटो काढा. स्वच्छ पट्टा महिन्याला दीड मिलिमीटर रुंद होत असेल तर सगळे ठीक चालले आहे.

नखाखाली काळा डाग असेल तर हीच युक्ती. मार लागून साचलेले रक्त नखासोबत पुढे सरकते आणि त्याच्या मागे चांगले नख येते. डाग जागचा हलत नसेल, मुळापासून टोकापर्यंत उभा काळा-तपकिरी पट्टा असेल, तो रुंद होत असेल किंवा रंग मागच्या कातडीवर उतरला असेल, तर त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. हा क्वचित कर्करोग असतो आणि तिथे थांबून पाहणे परवडत नाही.

जाडी दिसायला नको असेल तर बुरशी असो वा नसो, नखाचा पृष्ठभाग बारीक कानशीने दर आठवड्याला थोडा उतरवता येतो. पूड नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा, आणि ही कानस दुसऱ्या नखाला किंवा दुसऱ्या माणसाला लावू नका. नेलपॉलिश लावणार असाल तर आधी बेसकोट, म्हणजे गडद रंग नखात उतरत नाही. आठवडा-दहा दिवसांनी काढा आणि पुन्हा लावण्याआधी नखे काही दिवस मोकळी राहू द्या. महिनाभर एकच थर ठेवला की काढताना वरचा पापुद्रा सुटतो आणि पांढरे खडूसारखे चट्टे दिसतात. ते बुरशीचे नसतात, पण दिसतात तसेच. नखावर बुरशीचे लावायचे औषध चालू असेल तर वरून साधे पॉलिश नको, औषध आत जायला वाट राहत नाही.

सलूनमध्ये पेडिक्युअर करून घेणार असाल तर एक जुने उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. २००० साली कॅलिफोर्नियातल्या एका नेल सलूनमध्ये शंभराहून अधिक ग्राहकांच्या पायांवर गळवे उठली. पाणी घुसळणाऱ्या पायटबांच्या जाळीत केस आणि कातडीचा कचरा साचला होता आणि त्यात मायकोबॅक्टेरियम जातीचा एक जिवाणू वाढला होता. ज्यांनी येण्याआधी पायांचे केस वस्तऱ्याने काढले होते त्यांना धोका जास्त निघाला. म्हणून पेडिक्युअरच्या आदल्या दिवशी रेझर फिरवू नका. जाळी असलेल्या टबापेक्षा साधे, प्रत्येक वेळी धुतलेले भांडे बरे. धातूची हत्यारे ऑटोक्लेव्हमधून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र), बंद पाकिटातून निघाली पाहिजेत. जंतुनाशकाच्या निळ्या पाण्याच्या बरणीत बुडवलेली हत्यारे म्हणजे निर्जंतुक नव्हेत. कानस आणि लाकडी काडी नवी मागा किंवा स्वतःची न्या. घरची हत्यारे साबणाने धुऊन, कोरडी करून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली की काम भागते.

सातव्या आठवड्यात सँडल घरात घालायला सुरुवात करा, पहिल्या दिवशी अर्धा-एक तास. बंद बुटात वाढलेल्या मऊ कातडीवर पट्टा कुठे घासतो ते तेव्हाच कळते. ती जागा लाल झाली की लगेच पट्टी लावा, फोड येण्याची वाट पाहू नका. सगळ्यात लांब बोटापुढे साधारण १ सेंटिमीटर जागा हवी आणि टाच सँडलच्या कडेबाहेर यायला नको. चालताना सँडल पायात राहावी म्हणून बोटे आवळावी लागत असतील तर ती सँडल चुकीची आहे. मागे पट्टा असलेली घ्या, टाचेलाही तीच मानवते. आदल्या दिवशी नुसते नखांचे टोक नीट करा आणि मलम लावा, कानस नको.

बाहेर पडण्याआधी १५-२० मिनिटे पावलाच्या वरच्या बाजूला, बोटांवर आणि घोट्यामागे एसपीएफ ३० किंवा जास्तीचे सनस्क्रीन लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा. सहा महिने ऊन न पाहिलेली ही कातडी पहिल्याच दिवशी भाजते, आणि पट्ट्यांचे पांढरे ठसे उन्हाळाभर राहतात.

बंद बूट कपाटात ठेवताना घाई करू नका. आतला तळ काढता येत असेल तर काढा, दोन-तीन दिवस हवेशीर जागी पूर्ण वाळवा, आतून बुरशीनाशक पावडर किंवा फवारा मारा आणि मगच डबा बंद करा. मोजे सोसत असतील तर ६० अंशांच्या पाण्यात धुवा. चिखल्या झालेल्या पायाचे ओलसर बूट तसेच बंद केले तर बुरशी त्यांत सहज टिकून राहते, आणि पुढच्या थंडीत तोच पाय पहिल्याच आठवड्यात पुन्हा खाजायला लागतो.